पाखरं उतरू नयेत म्हणून

भागीबाई बसून चहा पीत नाही. कप घेऊन अंगणात येते, एक घोट घेते, कुडाला टेकवलेली काठी सरळ करते, कोंबडी हाकलते आणि कप कुठे ठेवला ते विसरते. तिची जाऊ सुलाबाई म्हणते, "हिच्या पायात भिंगरी घालून आईने पाठवली. नवऱ्याने काढायचा प्रयत्न केला, त्यालाच चक्कर आली."

सुरगाण्याच्या डोंगरांत, पाखरकड्याच्या पायथ्याला त्यांचा पाडा आहे. लग्न झाल्यापासून पंधरा-सोळा वर्षं भागीबाई दर हिवाळ्यात पिंपळगावला द्राक्षांच्या कामाला जायची. भाताची कापणी झाली की मुकादमाचा टेम्पो यायचा. तव्या-पातेल्यांसकट माणसं त्यात चढायची आणि थेट शिमग्याला घरी परतायची. तिकडे बागेत दिवसभर मान वर करून घड विरळायचे. मान वर असायची, पण वर आभाळ नाही, नुसती पानं. तिथे तिला झोप लागत नसे. आणि घरी आली की पहिले काही दिवस इथेही लागत नसे.

दर वर्षी परतल्यावर ती आधी कड्याकडे बघायची. तिच्या लहानपणी तिथे लांब चोचीची गिधाडं इतकी होती, की त्यांच्या विष्ठेने कपारी चुना मारल्यासारख्या पांढऱ्या दिसायच्या. पाड्यात मेलेलं ढोर पुरत नसत. कड्यासमोर एक खडकाळ पठार आहे, त्याला ढोरमाळ म्हणतात. नांगर ओढून थकलेला बैल मेला, की कपाळाला कुंकू लावून त्याला ढोरमाळावर न्यायचं आणि मागे वळून न बघता परतायचं. बाकीचं काम पाखरांचं. माळावर दिलेलं पाखरांचं झालं, ते परत आणायचं नाही, असा तिथला नेम.

नव्वद साल उलटलं, आणि पुढे कपारींवरचा पांढरा रंग पावसागणिक धुऊन जाऊ लागला. एका वर्षी ती परतली तेव्हा माळावरचं ढोर तसंच सडत पडलेलं होतं. कुत्री तेवढी जमली होती.

पुढे नाशिकहून कोठुळे सर येऊ लागले. शाळेत शिकवायचे, सुट्टीत पाखरं बघत हिंडायचे. त्यांनी पाड्याला सांगितलं, की ढोरांच्या दुखण्यावर एक सुई देतात. तिने ढोराला आराम पडतो, पण ते मेलं आणि गिधाडाने खाल्लं, तर गिधाडाची मान खाली लोंबते आणि दोन-चार दिवसांत ते झाडावरून, कड्यावरून पडतं. सरकारने ढोरांसाठी ती सुई बंद केली, तरी माणसांसाठीची बाटली बाजारात मिळतच होती. पाड्यातले काही हसले. मग वाघबारशीला, दिवाळीच्या तोंडावर, वाघदेवाच्या लाकडी खांबाला शेंदूर लावताना सगळ्यांनी खांबाला हात लावून शब्द दिला. ती सुई द्यायची नाही, आणि चुकून दिलीच तर ते ढोर माळावर न्यायचं नाही. भागीबाईचा नवरा हिरामण, त्यानेही हात लावला.

उरलेली थोडी पाखरं कपारींत टिकली. त्यानंतर वनखात्याने पायथ्याला तीन तंबू आणि एक स्वयंपाकाची पडवी उभी केली. शनिवारी-रविवारी नाशिक-मुंबईची माणसं गिधाडं बघायला येऊ लागली. भागीबाई त्यांना नागलीची भाकरी आणि उडदाचं भुजं करून घालायची आणि सकाळी कड्यासमोरच्या टेकाडावर घेऊन जायची. मुकादमाचा टेम्पो आला, तेव्हा पहिल्यांदाच ती त्यात चढली नाही.

"आम्ही मुंबईला ढोरं मेलेली बघायला नाय जात," सुलाबाई म्हणाली, "अन् ही माणसं इथे येतात. काय दिवस आलं."

"ढोरं नाय, पाखरं बघतात."

"एकच झालं. ताट बघ नायतर जेवणारा बघ."

दोन हजार आठच्या माघात मात्र माळावर ढोर पडलं नाही, पाखरं उतरेनात. कपारींत तीन घरटी होती, एकात पिल्लू होतं. मोठी पाखरं दूर कुठेतरी जाऊन उशिरा परतायची. पाहुणे दुर्बिणीतून रिकामा माळ बघायचे, घड्याळ बघायचे. खात्याचे एक साहेब येऊन म्हणाले, की गिधाडं दिसत नसतील, तर तंबू पुढच्या हंगामात धरणाकडे हलवू. भागीबाईने मान हलवली. त्या दिवशी तिने एकच भांडं तीनदा घासलं.

त्याच आठवड्यात हिरामणचा बैल आजारी पडला. कवड्या त्याचं नाव, अंगावर पांढरे ठिपके असलेला. पुढचा पाय सुजला, चारा सुटला. हिरामण गोठ्यातच झोपू लागला. भागीबाईला तंबूंवर पाहुण्यांची तयारी होती, शुक्रवारपासून ती तिकडेच होती.

रविवारी सकाळी ती पाहुण्यांना घेऊन टेकाडावर गेली आणि थबकली. माळावर काहीतरी पडलेलं होतं. कपाळ लाल होतं. पांढरे ठिपके तिने इतक्या लांबून ओळखले.

"गेला वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. तिचे डोळे भरले. पण वर आभाळात गिधाडं गोल फिरत होती, एकामागून एक, पंख न हलवता. आधी कावळे उतरले. मग एक गिधाड माळाच्या कडेला उतरलं, मग दुसरं. मोठा कॅमेरा घेऊन आलेला एक जण पोटावर आडवा झाला. भागीबाईला वाटलं, जाता जाता कवड्याने आपली लाज राखली.

तेवढ्यात सुलाबाई किटली घेऊन वर आली.

"पाहिलंस ना?" ती हळू आवाजात म्हणाली. "पहाटेच चौघांनी ओढत आणला. हिरामण म्हणे, भागीचे पाहुणे आलेत, पाखरं तरी उतरतील. शुक्रवारी जरा बरा वाटला होता गं. उभा राहिला, चार काड्या खाल्ल्या."

"एकाएकी कसा बरा वाटला?"

सुलाबाईने किटली खाली ठेवली. "बाजारातल्या त्या ढोरांना औषध देणाऱ्या माणसाने सुई दिली ना."

भागीबाईने पुढचं ऐकलं नाही. लुगड्याचा काष्टा वर खोचला आणि उतारावरून धावत सुटली. माळावर पोचेपर्यंत आठ-दहा गिधाडं उतरली होती. एक तर कवड्याच्या पोटावर उभं होतं. त्याच्या डाव्या पंखातलं एक लांब पीस गळलेलं होतं, तिथे फट दिसत होती.

तिने दगड उचलला. मग दुसरा. "हाऽऽ, हाऽऽ," करत, हात पसरून ती पाखरांच्या अंगावर गेली. जड पंखांचा फडफडाट झाला, धूळ उडाली. पाखरं उडून थोड्या अंतरावर बसली, पुन्हा जवळ येऊ लागली. भुकेलेली होती. भागीबाई एका बाजूची हाकलायची, तोवर दुसऱ्या बाजूची दोन पावलं पुढे सरकायची. शेवटी तिने डोक्यावरचा फडका सोडला आणि तो गरगर फिरवत कवड्याभोवती पळत राहिली.

टेकाडावरून कॅमेरावाला ओरडत होता. "ओ बाई, काय करताय? बाजूला व्हा ना. दोनशे किलोमीटरवरून आलोय आम्ही."

तिने वर पाहिलं नाही. सांगायला थांबली असती, तर एखादी चोच आत गेली असती. सुलाबाईनेच त्यांना सांगितलं, "बैलाला विषारी सुई दिलीय. खाल्लं तर मरतील." पाहुण्यांनी दुर्बिणी खाली घेतल्या. कॅमेरावाला मात्र म्हणाला, "मग आणायचाच कशाला?"

हिरामण आला तेव्हा भागीबाईचा आवाज बसला होता.

"तुला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"शुक्रवारची सुई. दोन दिवस झालं. मला वाटलं उतरली असंल अंगातून."

"खांबाला हात लावलेला."

तो कवड्याकडे बघत होता. "रात्रभर कण्हायचा, भागी. तू नव्हतीस. माणसासारखा कण्हायचा."

 ती फडका फिरवत राहिली. मग म्हणाली, "पुरायला लागंल."

माळावर पुरणं शक्य नव्हतं. वीतभर खाली खडक. पायथ्याशी माती खोल होती ती हिरामणच्या भाताच्या खाचरात, तेवढ्या एकाच ठिकाणी. त्यासाठी कवड्याला माळावरून परत न्यावं लागणार होतं. पहाटे ज्यांनी बैल ओढत आणला, ते तिघे भाऊबंद दोराला हात लावायला तयार होईनात. माळावर दिलेलं परत नेलं, असं कधी झालं नव्हतं.

"पाखरांचं झालं ते," तिघांतला थोरला, वाळू, म्हणाला. "आता त्यांचं ते बघतील."

"त्यांना सांगून बघ ना मग," भागीबाई म्हणाली, "सुई दिलीय म्हणून."

हिरामणने कुणाकडे न बघता दोर कवड्याच्या शिंगांना बांधला आणि खांद्यावर घेतला. एकट्याने बैल हलेना. भागीबाईने फडका सुलाबाईच्या हातात दिला आणि दोराचं दुसरं टोक आपल्या खांद्यावर घेतलं. दोघं वाकली. कवड्या हातभर सरकला.

"जोडी जुळली एकदाची," सुलाबाई पाखरं हाकलत म्हणाली. कुणी हसलं नाही, पण वाळू पुढे आला आणि मागून ढकलू लागला. मग बाकीचे दोघे. पाहुण्यांतले दोघे जण उतरून आले. खाचरात खड्डा खणून होईतो ऊन डोक्यावर आलं होतं. हिरामणने खड्ड्यावर काटेरी फांद्या टाकल्या, वर दगड रचले. त्या दिवशी तो जेवला नाही. कॅमेरावाला न जेवताच निघून गेला.

भागीबाईची खरी बेचैनी त्यानंतर सुरू झाली. ते पीस गळलेलं पाखरू कवड्याच्या पोटावर उभं होतं. त्याने चोच मारली होती, की मारणार होतं? तिने पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. चोच ओली होती का? एकदा ओली आठवायची, एकदा कोरडी. पुरताना तिने कवड्याच्या पोटावर हात फिरवून पाहिलं होतं. एक लहानशी फाट होती. ती कावळ्याचीही असेल.

सोमवारी तांबडं फुटायच्या आधीच ती टेकाडावर जाऊन उभी राहिली. कोठुळे सरांनी दिलेली जुनी दुर्बीण गळ्यात होती. एकेका कपारीवर ती प्रत्येक पाखराची मान बघत होती. ऊन खाताना पाखरं मान आत घेतात, झोपेत खाली घालतात. मान पुन्हा वर होईपर्यंत ती दुर्बीण हलवायची नाही. पिल्लाच्या घरट्यावर एकच मोठं पाखरू होतं आणि त्याचे पंख अखंड होते.

मंगळवारीही तेच एक होतं.

संध्याकाळी मुकादमाचा टेम्पो आला. बागांची तोडणी सुरू झाली होती, माणसं कमी पडत होती. सुलाबाईने बोचकं बांधलं. "चल," ती म्हणाली. "तंबू तर हलणारच. इथे उभी राहून काय त्याला मानेला टेकू देणार हायस?"

"तू जा," भागीबाई म्हणाली.

टेम्पो वळणावर दिसेनासा झाला, तेव्हाही ती रस्त्याकडे पाठ करून कड्याकडे बघत होती. रात्री तिने हिरामणला वाढलं. पीस गळलेलं पाखरू दिसत नाही, एवढंच सांगितलं. हिरामणने एकदाच विचारलं, "त्या घरट्याचंच हाय का ते?" तिने त्याच्या ताटात आणखी भाकरी टाकली. बोलली असती तर रडू आलं असतं.

गुरुवारी ती टेकाडावर पोचली, तर हिरामण आधीच तिथे होता. तो कधी तिथे येत नसे. खडकावर उकिडवा बसला होता. त्याच्या हातात दुर्बीण होती, तिच्या उशाखालून घेतलेली. ती मागे उभी राहिली. ऊन कड्याच्या माथ्यावरून हळूहळू खाली उतरत होतं. पिल्लाने घरट्यात हालचाल केली. मग खालच्या दरीतून एक पाखरू वर आलं, एक गोल घेतला आणि कपारीवर उतरलं.

"डाव्या पंखात फट हाय," हिरामण म्हणाला. "मान वर हाय, भागी. पिल्लाला भरवतंय."

भागीबाईने त्याच्या हातातून दुर्बीण घेतली आणि स्वतः पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं.