तात्यांनी अंड्यांना सुई टोचली नव्हती

तात्या अंड्यांना सुई टोचून विकतात, ही अफवा मी उठवली होती.

परवा तात्या गेले. आज मुरगूडला रक्षाविसर्जन होतं. तिथून आत्ताच आलोय आणि आधी हे लिहायला बसलोय.

तात्या म्हणजे एसटीतले रिटायर कंडक्टर. घरामागं जाळीच्या शेडमध्ये लांब शेपटीचे कोंबडे पाळायचे. शोभेची जात, लय दुर्मिळ. शेपूट मागं दीड-दोन हात लोळत यायची.

माझं इचलकरंजीत मोटर रिवाइंडिंगचं दुकान. कोंबड्यांचा नाद लहानपणापासून. थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि पंखा बसवून अंडी उबवायची मशीन मी स्वतः बनवलेली. तिचा मला भारी गर्व.

पहिल्याच भेटीत तात्या मला खटकले.

शेडजवळ जाऊ देईनात. "पावणं, हितनंच बघा. कोंबडी बिचकत्यात."

सहा अंडी मागितली. ती घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

अंडी द्यायला दार कशाला लावायचं?

निघताना खिडकीत सुई-दोरा दिसला. तेव्हा काही वाटलं नाही.

अंडी माझ्या मशीनमध्ये ठेवली. पिल्लं निघायचे एकवीस दिवस झाले. पंचवीस झाले. एकही पिल्लू नाही.

आमच्या नादातल्या लोकांत एक बोललं जातं. काही जण अंड्याला बारीक सुई टोचून विकतात. वरून कळत नाही. अंडं उबत नाही आणि जात फक्त त्यांच्याकडेच राहते.

मला एकदम खिडकीतली सुई आठवली.

पुन्हा गेलो. मुद्दाम. चार अंडी मागितली. पुन्हा दार बंद. या वेळी खिडकीत सुई नव्हती.

मी म्हटलं, म्हणजे आता लपवून ठेवली.

संशय असाच असतो बघा. सुई दिसली तरी पुरावा, नाही दिसली तरी पुरावा.

ती चार अंडीही गेली. आणि मी आमच्या कोंबडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, "मुरगूडचे तात्या अंडी टोचून देतात. सावध राहा."

दोन दिवसांत त्यांचं नावच पडलं. सुईवाले तात्या.

चौथ्या दिवशी तात्यांचा फोन आला.

"ती अंडी हायत का टाकलीस?"

"हायत." पुरावा म्हणून ठेवली होती.

"फोडू नगंस. मी येतोय."

एसटीनं आले. एका हातात वायरची पिशवी, त्यात अंड्यांवर बसायला आलेली गावरान खुडूक कोंबडी. दुसऱ्या हातात डबा. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. माझ्या बायकोला म्हणाले, "ताई, एक ताट द्या आणि तुमी बी बघा."

आमच्या दोघांसमोर एकेक अंडं फोडलं. घरभर वास सुटला.

चारांतल्या तिनांत पिल्लू धरलं होतं. बोटाच्या पेराएवढं. काळा डोळा दिसत होता.

"टोचलेलं अंडं दोन दिसांत नासतंय. हेनी आठ दिस जीव धरलाय. मग कुणी मारला?"



खिशातनं थर्मामीटर काढून त्यांनी माझ्या मशीनमध्ये ठेवला. मशीनवरचा माझा काटा साडेनव्याण्णव दाखवत होता, हवा तेवढाच. त्यांचा एकशे तीन.

तरी माझं मन काय म्हणालं माहितीय? यांचाच थर्मामीटर कशावरून बरोबर?

खरंच. उठून मेडिकलमध्ये गेलो आणि नवा घेऊन आलो. एकशे तीन.

पिल्लं माझ्या मशीननं भाजून मारली होती.

"मग तुम्ही दार का लावत होता?" मी विचारलं. हरल्यावरसुद्धा विचारलं.

"उजेडात तडा दिसत न्हाय. अंधारात बॅटरी मारून बघतो, चांगलं असंल त्येवढंच देतो."

"आणि सुई?"

"शेपटीला पिशवी शिवतो की. चिखलात घाण हुतीया."

डबा उघडला. भुश्यात पाच अंडी होती. "मशिनीत नगं. हिच्याखाली ठेव." कोंबडी तिथंच सोडली आणि उठले. दारात थांबून म्हणाले, "जिथं लिवलंयस, तिथंच पुसून टाक. माझं दुसरं काय मागणं न्हाई."

मी म्हटलं, "लिहितो."

लिहिलं नाही. आज करू, उद्या करू. लाज वाटत होती. ग्रुपात माझा शब्द मोठा समजतात, तो कसा खाली आणू?

त्या पाचांतली तीन पिल्लं निघाली. मी ग्रुपवर पिल्लांचा फोटो टाकला. तात्यांचं नाव टाकलं नाही. लोकांनी अभिनंदन केलं, मी सगळ्यांना थँक्यू म्हटलं.

फोटो बघून तात्यांचा फोन आला. "पिल्लं झ्याक हायत," एवढंच बोलले. मी वाट बघत होतो, आता शिव्या देतील. दिल्या नाहीत.

त्यानंतर वर्षभर मी त्यांचा फोन उचलायचा टाळला. दोनदाच आला होता. कशासाठी, ते आता कळणार नाही.

आज रक्षाविसर्जनाला अंगणात बसलो होतो. शेजारचा एक जण हळूच म्हणाला, "सुईवाले तात्या म्हंजे हेच न्हवं?"

मी उठून उभा राहिलो. "न्हाय. ते खोटं हाय. मी उठवलेलं. चूक माझ्या मशीनची हुती."

सगळे बघायला लागले. तात्यांची मुलगी चहा देत होती, ती थांबली.

"आता सांगून काय उपेग, दादा? बाबा असताना सांगायचं की. गेल्या वर्षी अंडी न्यायला एक बी माणूस आला न्हाय. रोज सकाळी अंडी पुसून ठेवायचे, आणि आठवड्यानं आम्हीच खायचो."

तिनं मलाही चहा दिला. मी घेतला.

सगळ्यांसमोर लिहितोय. तात्यांनी मला दिलेलं एकेक अंडं चोख होतं. ग्रुपवरचं माझं ते लिखाण खोटं होतं. ज्यांनी ज्यांनी ते पुढं पाठवलं, त्यांनी हेही पाठवा.

तात्या, तुम्ही माझ्या घरी येऊन खरं दाखवलंत. मला ते मुरगूडला येऊन सांगायला तुम्ही जाईपर्यंत वेळ लागला.

चुकलो. मान खाली घालून तुम्हाला श्रद्धांजली.