चार महिन्यांचं सामान

दिघीच्या जेट्टीवर मी बर्फात घालायचे बूट घालून उभा होतो. सप्टेंबरातली सकाळ होती. पाऊस उघडला होता, ऊन चटचटायला लागलं होतं आणि माझ्या पायांत पोटरीपर्यंत येणारे, आतून लोकर असलेले बूट होते. विमानात तेवीस किलोच नेता येत होतं, म्हणून जे जड असेल ते अंगावर चढवायचं असं घरात ठरलं होतं. हातावर फुगीर जाकीट टाकलेलं, पाठीवर सॅक, कपाळावरून घामाच्या धारा. शेजारी बाबा, लेंगा-सदऱ्यात, पायांत नेहमीच्या रबरी चपला.

फेरीबोटीचा दोर सोडणाऱ्या माणसानं माझ्या पायांकडे पाहिलं. "काय रं, पायाला लागलाय का काय?"

"लागलं नाहीये," बाबाच म्हणाले. "बर्फात चाललाय तो."

त्याला ती थट्टा वाटली. तो मोठ्यानं हसला, मग बाबा हसत नाहीत हे पाहून दोर ओढायला लागला.

बाबा माझ्याबरोबर पलीकडे आगरदांड्यापर्यंत आले. तिथून मला मुंबईची गाडी धरायची होती आणि त्यांना त्याच बोटीनं परत फिरायचं होतं. उतरताना म्हणाले, "चार महिने ना? जानेवारीत आलास की विहिरीच्या पंपाचं बघू." मी म्हटलं, "हो, जानेवारीत."

ते खोटं होतं. मी दोन वर्षांच्या करारावर सही केली होती.

आमची दिवेआगरला नारळ-पोफळीची वाडी आहे. काही वर्षांपूर्वीच्या चक्रीवादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या. बाबांनी आयुष्यभर लावलेलं एका दुपारात गेलं. त्यानंतर त्यांनी पुन्हा रोपं लावली, पण पोफळीला सुपारी धरायला सहा-सात वर्षं लागतात, आणि बाबा तेव्हाच पासष्टीच्या पुढे होते. रोप लावताना ते एकदा सहज म्हणाले होते, "ही माझ्यासाठी नाहीत." मी त्यांचा एकुलता एक. कोणासाठी आहेत हे वेगळं सांगायची गरज नव्हती.

मी आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलो होतो. अकरा वर्षं नवी मुंबईतल्या एका शीतगृहात काम करत होतो आणि शनिवारी घरी यायचो. ते शीतगृह बंद पडलं. मग एका एजन्सीमार्फत नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, ध्रुववृत्ताच्याही बरंच वर, मासळीच्या कारखान्यात काम मिळालं. तिथली गोठवणयंत्रं सांभाळायची. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार करून विचारलं, "जिथे सगळा बर्फच आहे, तिथे फ्रीज दुरुस्त करायला माणूस कशाला लागतो?" मला उत्तर येत होतं. पण त्या प्रश्नात जे दुसरं विचारलं होतं त्याचं उत्तर येत नव्हतं. दोन वर्षं म्हणायला तोंड उघडलं आणि चार महिने म्हणून गेलो.

कारखान्याकडून सामानाची यादी आली होती. आतले कपडे लोकरीचेच हवेत. मधला थर हलका आणि उबदार. वरचा वारा आणि पाणी अडवणारा. हातमोजे दोन, पातळ आणि त्यावर घालायचे जाड. बूट एक नंबर मोठे, म्हणजे दोन मोजे बसतील. बुटांखाली लावायचे काटे. डोक्याला बांधायची विजेरी. आणि खाली ठळक अक्षरांत: सुती काहीही आणू नये.

आईला ही शेवटची ओळ अजिबात पटेना. तिनं माझ्यासाठी चार मऊ सुती बंड्या शिवून ठेवल्या होत्या. "सुती नको म्हणजे काय? सुतीच घाम टिपतं ना?"

"तेच तर नको, आई. टिपलेला घाम तिथे अंगावर गार होतो."

"मग त्या लोकांना घाम येतो तरी का?" तिनं बंड्या परत घडी करून ठेवल्या. तिला अपमान झाल्यासारखं वाटलं होतं, असं मला आता वाटतं. तिनं दिलेलं काहीतरी यादीत बसावं म्हणून ती दिवसभर डब्यांशी खुडबुड करत राहिली. शेवटी मेतकूट, कुळथाचं पीठ आणि आमसुलं बॅगेत गेली. तिनं ती मोजूनमापून भरली होती. एका माणसाला चार महिने पुरेल एवढं.

दिवेआगरच्या सप्टेंबरात पडवीत बसून ते कपडे घालून बघणं हा एक तमाशाच होता. वाडीत काम करणारा पांडूकाका माडावरून उतरून बघायला आला. मी तीन थर चढवून, टोपी ओढून उभा राहिलो. त्यानं जाकिटाला बोट लावून पाहिलं. "थंडी म्हंजी किती असंल रं? महाबळेश्वरावानी?"

"त्याहून जास्त."

"मंग न्हाय जायाचा," तो सरळ म्हणाला, आणि कोयता उचलून गेला. त्या घरात तेवढं एकच वाक्य कोणीतरी मनातलं बोललं.

निघायच्या आदल्या दिवशी मी बोर्ली पंचतनच्या बाजारातून दोन कुलुपं आणायला गेलो. परत आलो तर बाबांनी माझी सगळी बॅग रिकामी करून पडवीभर मांडली होती आणि ते ती नव्यानं भरत होते. सुपारीची पोती तोलायचा काटा तुळईला टांगलेला. लोकरीचे कपडे त्यांनी गुंडाळ्या करून बसवले, मोज्यांच्या जोड्या कोपऱ्यांत दाबल्या, बुटांचे काटे वर्तमानपत्रात बांधले. इतकी घट्ट आणि नेटकी बॅग मला सात जन्मांत भरता आली नसती. काट्यावरचा आकडा त्यांनी चष्मा वर करून वाचला. "तेवीसला थोडं कमीच. बसलं सगळं." एवढंच बोलले आणि विहिरीवर हातपाय धुवायला गेले.

उत्तरेकडच्या त्या गावी पोचलो तेव्हा कळलं की आमच्या निम्म्या सामानाचा उपयोग नाही. मुंबईच्या मॉलमधून घेतलेला मधला थर दिसायलाच उबदार होता. ज्या बुटांत मी दिघीला घामाघूम झालो, ते ओल्या बर्फावर साबणासारखे घसरायचे. मी ज्यांच्याकडे खोली घेतली त्या हिल्डेबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझे कपडे दोरीवर बघितले, मान हलवली आणि मृत नवऱ्याचा जाड विणीचा स्वेटर दाराच्या कडीला अडकवून ठेवला. आम्ही एका घरात राहायचो, आणि आठवड्यातून चार वाक्यं बोलायचो. ती बहुतेक दाराबद्दल असायची, नीट लावा, वारा येतो.

नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य गेला. गेला म्हणजे उगवेनासा झाला. दुपारी तासभर आकाश निळसर व्हायचं, तेवढाच दिवस. काम मात्र चालूच. कारखान्यात शिरताना कपडे काढायचे, कामाचे घालायचे, बाहेरच्या यंत्राकडे जाताना पुन्हा सगळं चढवायचं. सुरुवातीला मला तयार व्हायला वीस मिनिटं लागायची. आतली लोकर, मोजे, त्यावर मोजे, विजार, स्वेटर, गळ्याची पट्टी, जाकीट, पातळ हातमोजे, जाड हातमोजे. शेवटचे हातमोजे चढवले की आठवायचं, चावी आतल्या खिशात राहिली.

बाहेर सगळे सारखे दिसायचे. तीन थरांखाली कोण गोरा, कोण सावळा, कोण बाई, कोण पुरुष, काही कळत नाही, फक्त डोळे. पहिल्यांदा मला ते बरं वाटलं, कोणी वळून बघत नव्हतं. मग लक्षात आलं की कोणीच बघत नव्हतं. डिसेंबरात मी केस कापायला गेलो. न्हाव्यानं मान पुढे करायला म्हणून माझ्या मानेवर हात ठेवला आणि माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. जेट्टीवर बाबांच्या पाया पडताना त्यांनी डोक्यावर ठेवलेला हात, त्यानंतर मला कोणाचा स्पर्शच झाला नव्हता. न्हाव्यानं आरशात पाहिलं आणि अवघडून पाण्याचा फवारा बदलला. गार लागलं असेल असं त्याला वाटलं.

तुमच्यापैकी जे कोणी असे दूर गेले आहेत, मग ते दुबईला असो, कॅनडात असो की नुसतं पुण्याला, त्यांना हे माहीत असेल. आठवण घराची येत नाही. आपल्याला घरात गृहीत धरतात, त्याची येते. कोणीतरी न बघता आपल्यासमोर ताट सरकवतं, त्याची.

जानेवारी उजाडला. उजाडला हे आपलं म्हणायचं. आई फोनवर विचारायला लागली, तिकीट काढलंस का, कुठल्या वारी येतोस. मी कामाचं निमित्त सांगत राहिलो. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत, बाहेर निळसर अंधार असताना, मी घरी फोन लावला. तिकडे चहाची वेळ होती. बाबांनी उचलला.

"बाबा, मी या महिन्यात येत नाहीये."

"माहिती आहे."

"पुढच्याही नाही. करार दोन वर्षांचा आहे."

"किती वर्षांचा ते माहिती नव्हतं," ते म्हणाले. "पण बॅग भरताना तुझी फाईल हाती लागली. शाळेचा दाखला, जन्माचा दाखला, आयटीआयची सर्टिफिकिटं, सगळी अस्सल. चार महिन्यांसाठी कोणी जन्माचा दाखला नेतो का रे?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू गेला नसतास. आणि गेला नसतास तर मला रोज तुझं पडलेलं तोंड बघावं लागलं असतं." मध्ये पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. "फाईल मधोमध ठेवली होती मी. चहूबाजूंनी लोकर. पाऊस लागला तरी भिजू नये म्हणून. कोरडी पोचली ना?"

"पोचली."

"आईला तूच सांग. ते मी नाही करणार."

आईला सांगितलं. ती रडेल, ओरडेल, यासाठी मी तयार होतो. ती म्हणाली, "अरे, मी चारच महिन्यांचं मेतकूट दिलं. आधी बोलला असतास तर जास्त नसतं का दिलं?" आणि तिनं फोन ठेवला. त्यानंतर आठ दिवस ती फोनवर आली नाही. मेतकूट तेव्हा खरोखरच संपलं होतं. रिकामी पिशवी मी धुतली नाही, फेकलीही नाही.

दोन वर्षांनी मे महिन्यात घरी गेलो. बाबांनी माझी खोली पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती, त्यात काही गैर नव्हतं, सीझन होता, पुण्याचं एक कुटुंब उतरलं होतं. बाबाच ओशाळले. "रविवारी जातील हो ते." मी माजघरात पथारी टाकली. उकाड्यानं माझ्या अंगावर पुरळ उठलं. ज्या हवेत मी वाढलो तिचा मला त्रास होत होता आणि आई ताडगोळे सोलून माझ्या पाठीवर साली चोळत होती. चहा देताना तिनं विचारलं, "साखर तेवढीच ना रे, की तिकडे कमी घेतोस?" तिनं प्रेमानंच विचारलं. पण आमच्याकडे हा प्रश्न पाहुण्यांना विचारतात.

वाडीत नवी रोपं कमरेच्या वर आली होती. बाबा एकेका रोपापाशी थांबून सांगत होते, हे खोडकिड्यानं धरलं होतं, हे गेल्या उन्हाळ्यात वाचवलं. करार मी वाढवणार आहे, हे मी त्यांना तिथे, उभ्या वाडीत सांगितलं. या वेळी खरं सांगितलं, तीन वर्षं. त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या रोपाकडे गेले. त्याच्या आळ्यातलं तण त्यांनी खाली बसून उपटलं. मीही बसलो. बराच वेळ आम्ही तण काढत होतो.

आता रोज माझ्या जेवणाच्या सुट्टीत मी फोन करतो. बाबा गावात सगळ्यांना सांगत आले आहेत, "मुलगा तिकडे गेलाय." दुकानदाराला, पांडूकाकाला, वाडीत उतरणाऱ्या पाहुण्यांना. गेलाय म्हणजे येणार आहे. तो शब्द त्यांनी इतकी वर्षं धरून ठेवला होता आणि त्यामुळे मीही कुठे अगदी पोचलो नव्हतो.

गेल्या आठवड्यात आम्ही बोलत असताना त्यांच्याकडे कोणीतरी आलं. बाबांनी फोन बहुधा पडवीच्या कठड्यावर ठेवला. मला तिथलं सगळं ऐकू येत होतं. गाडीचं दार लागलं, आईनं पाण्याचा तांब्या ठेवला, मग एका बाईंचा आवाज आला, "काका, एवढी मोठी वाडी, तुम्ही दोघंच असता इथे?"

"दोघंच," बाबा म्हणाले. "मुलगा नॉर्वेला राहतो."

राहतो. अगदी साध्या आवाजात म्हणाले, दिवेआगरला समुद्र आहे असं सांगावं तसं. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि वाट पाहणंही नव्हतं. मी कारखान्याच्या जेवणघरात फोन कानाला धरून बसलो होतो. समोरच्या खिडकीबाहेर लोक हातमोजे ओढत कामावर चालले होते. इतकी वर्षं मला मोकळं व्हायचं होतं, आणि बाबांनी ते एका शब्दात करून टाकलं.

थोड्या वेळानं त्यांनी फोन उचलला. "पाहुणे आलेत. काय म्हणत होतास?"

मी काहीच म्हणत नव्हतो. म्हटलं, "काही नाही. जेवण झालं आत्ताच."

"काय होतं?"

"मासा."

"रोज मासाच," ते म्हणाले. आईनं मागून विचारलं, कोण आहे. बाबा म्हणाले, "कोण असणार?"

माझं घर आता एवढंच आहे, दुपारची पंधरा-वीस मिनिटं, आणि तिथे कोण बोलतंय हे अजून कोणाला सांगावं लागत नाही. मग सुट्टी संपल्याची घंटा होते. बाबांना ती तिकडे ऐकू जाते. मी काही म्हणायच्या आत तेच म्हणतात, "जा, उशीर होईल."