डावीकडची थाप

म्युनिकला पीएचडी करत होतो तेव्हा शेजारच्या खोलीत एक स्विस माणूस राहायचा. आइस हॉकीचा गोलकीपर. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘ओडर?’ म्हणायचा, म्हणजे ‘की नाही?’ स्वतःचं नाव सांगतानासुद्धा. दारातून आत शिरताना चौकटीवर आधी उजवीकडे, मग डावीकडे थाप मारायचा. आपण उंबऱ्याला हात लावतो तसंच काही असेल, असं वाटून मी त्याला विचारलं.

“छे. बर्फावर उतरलो की गोलच्या दोन्ही खांबांना काठी लावून बघतो. खांब जागेवर असले की बरं वाटतं, ओडर?”

तेव्हाचे गोलकीपर तोंडावर काही बांधत नसत. त्या हिवाळ्यात एका सामन्यात, चेंडूच्या जागी असते ती रबरी चकती त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. पट्टी बांधून घरी आला, तेव्हा उजवी थाप लागली, डावी हवेतच गेली.

“चौकट वाकडी झाली आहे, ओडर?”



पट्टी सोडायच्या दिवशी मी लॅबला गेलोच नाही. स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून चहा उकळत बसलो. पाऊल वाजलं. उजवीकडे थाप पडली. मग डावीकडे, नीट लाकडावर.

“दिसतंय,” तो म्हणाला.

मी ‘ओडर’ची वाट पाहिली. तो म्हणालाच नाही.