जिन्याखालची जागा

आमच्या तालुक्याच्या गावी मी नगरपालिकेत आरेखक होते. पालिकेकडे पैसा नाही, ही काही बातमी नव्हे. तो कधीच नसतो. म्हणून बाजाराच्या मैदानावर संकुल बांधायचं ठरलं ते खाजगी भागीदारीत. जागा पालिकेची, पैसा बिल्डरचा. तळमजल्याचे गाळे मैदानावर आधीपासून बसणाऱ्यांना, वरचे मजले तीस वर्षं बिल्डरला, त्यानंतर सगळं पालिकेचं. बुलढाण्याहून आलेल्या साहेबांनी हे इतकं गोड करून सांगितलं की दुसरा चहा झाला तरी सभेतून कोणी उठेना. बसणाऱ्यांची यादी आणि जागेचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं.

मी आषाढात मोजणी केली. बियाण्याच्या दुकानापुढे बीटी कपाशीच्या पाकिटांसाठी रांग होती, तिच्यातून वाट काढत टेप धरली. दुकान आणि चहाची टपरी यांच्या मधला तुकडा रिकामा दिसला. तिथे मी जिना काढला. नकाशा छान झाला होता, साहेबांनी तसं म्हटलंही, आणि मी चार दिवस हवेत होते.

दिवाळीनंतर चाचा कचेरीत आले. चाचा म्हणजे आमच्या गावचे पिंजारी. यंत्रं आली तरी ते धनुष्यासारखं हातपिंजणच वापरत; त्याच्या ताणलेल्या दोरीचा, तातीचा तो टणटण आवाज सुरू झाला की थंडी आली म्हणायची. माझ्या लग्नातली गादी त्यांनीच भरलेली. मैदानाला पत्रे ठोकलेले पाहून ते पिंजण खांद्यावर घेऊन तसेच आले होते.

"बाई, नकाशात माह्यी जागा कुठी हाय, दाखवता का?"

मी नकाशा उलगडला आणि माझं बोट जिन्यावर थांबलं; हिवाळ्यात ते तिथेच बसत. ओल्या हवेत रुई पिंजली जात नाही, पावसाळ्यात पिंजारी बसत नाही, हे गावातलं पोर सांगेल. मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण टेप हातात आली की माणसाला टेपेएवढंच दिसतं.

"आखाडात तुम्ही कुठे होता?" मी विचारलं. विचारताना लाज वाटली.

"भावाच्या वावरात. बीटीची सरकी मातीत टोबून राह्यलो होतो." मग हसून म्हणाले, "शिवारभर कापूस हाय, बाई, पण गादीत जुनीच रुई. लोक घरी बोंडभर ठेवत नाहीत. अमडापूरहून लेकीच्या लग्नाले आजीची गादी पिंजायले आणतात. जागा गेली त थेही कुठी पिंजू?"

करारावर सह्या झाल्या होत्या आणि माझी यादी त्याला जोडलेली होती. गाळे संपलेले. नुसतं मुकाट्यानं खोडून चालणार नव्हतं. दोन्ही पक्षांची संमती हवी, सभेचा ठराव हवा. मुख्याधिकारी म्हणाले, "चूक कोणाची म्हणून लिहू?" मी म्हटलं, "माझी लिहा." त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि खरंच लिहिली. मेल्यानं जरा तरी आढेवेढे घ्यावेत.

उरली होती ती जिन्याखालची जागा. पण तिथे पिंजण टांगायची तर उंची हवी. मी चाचांच्या घरी गेले. त्यांनी आढ्याला पिंजण टांगून ठोका मारून दाखवला आणि मी त्यांच्या उचललेल्या हाताखालून जमिनीपर्यंत टेप सोडली. चाची दारात उभी राहून हसत होती. "आजवर कोणी ह्यायच्या हाताचं माप घेतलं नाही," ती म्हणाली. मला एकाएकी भरून आलं, म्हणून मी आकडा दोनदा लिहिला.

मग मी जिन्याचं तोंड फिरवलं. त्याच्या खालची उंच बाजू रस्त्याकडे आली. बिल्डरच्या इंजिनिअरनं कागद उलटसुलट पाहिला. "यात आमचं काही जात नाही," तो म्हणाला आणि सही करून दिली. सभेतही ठराव झाला, बहुधा जेवायची वेळ झाली होती म्हणून.

संकुल उभं राहायला तीन हिवाळे गेले. तेवढे दिवस चाचांनी घराच्या ओट्यावर काम केलं. जागा मिळाली तेव्हा मी माझी गादी घेऊन पहिली गिऱ्हाईक म्हणून गेले. रुई उडत होती, त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, का त्या आधीच झाल्या होत्या कोण जाणे.

"हे तीस सालानं तुमचं होईल म्हणतात नं?" त्यांनी हात न थांबवता विचारलं.

"हो, पालिकेचं."

"मंग तवा पालिकेवाले नवी यादी करतीन. मी नसीन, तुम्हीही नसान. पण कोनी त असंल पिंजणवाला." त्यांनी तात थांबवली. "यादी दिवाळीनंतर करजा, बाई."

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी मूळ नकाशा काढला आणि कडेला तेवढंच लिहिलं. पेन्सिल पुसली जाते, म्हणून शाईनं.