वरच्या फळीवरची साडी

डोंबिवलीच्या साडीच्या दुकानातल्या त्या सेल्समनचं नाव मला माहीत नाही. पण घरात लग्न निघालं की मी यादी घेऊन त्यांच्याच गादीसमोर बसते. ते साडी उलगडून पदर स्वतःच्या खांद्यावर टाकतात आणि आरशाकडे असे वळतात, की नवरीनेही बघत राहावं.

मागच्या वर्षी त्यांच्या गळ्यात पट्टा होता. परवा नव्हता. "ती वरच्या फळीवरची काढा," म्हटलं, तर त्यांचा उजवा हात छातीपाशीच अडकला.

"मानेची नस दबलीय म्हणून वर्षभर पट्टा घातला, ताई. आता नवे डॉक्टर म्हणतात, मान चांगली आहे, खांदा आखडलाय. आधी कळलं असतं तर एवढा आखडला नसता. शेठ मला खाली पिशव्या भरायला बसवणार आहेत."

माझं डोकंच फिरलं. "वर्षभरात कोणी तुम्हाला साधा हात वर करायला सांगितलं नाही?"

"सांगायची ना. गिऱ्हाइकं. रोज!" ते हसले.

मला हसू आलं नाही. त्यांनी डाव्या हाताने पदर खांद्यावर टाकला, तो घसरला. मी त्याचं टोक धरलं आणि गल्ल्यावरच्या शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "मला साड्या हेच दाखवतील. पुढच्या वेळीही."