चित्रातला टोचलेला कान

सापगावच्या एका आजींनी मला सांभाळून घेतलं. हे आधी लिहितो, कारण माझी चूक सांगायला लागलो की मी तिच्यातच अडकतो.

माझं शिक्षण आठवीपर्यंत. वाशीमकडच्या आमच्या गावी मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. फ्लेक्स आले आणि ते काम गेलं. तिशी ओलांडल्यावर शहापूरला आलो. ओळखीचं कुणीच नव्हतं. फ्रेमच्या एका दुकानात लागलो. काच कापायची, चौकट ठोकायची, जुन्या फोटोंवरचे डाग बारीक ब्रशने बुजवायचे. शेठ मला 'ए वाशीम' अशी हाक मारायचे. संध्याकाळी खोलीवर आईचा फोन यायचा. "जेवलास का?" "जेवलो," म्हणायचो आणि मग भात लावायचो. फोन ठेवला की दुसऱ्या सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे.

एक दिवस त्या आजी जुन्या लुगड्यात गुंडाळून एक चित्र घेऊन आल्या. वय ऐंशीच्या पुढे. काच तडकलेली, चौकट वाळवीने खाल्लेली. आत पुठ्ठ्यावर तेलरंगात एक जवान. खाकी सदरा, मान जराशी वळवलेली. कुणीतरी 'हलू नको' म्हटलंय म्हणून बसलाय, पण मन तिथं नाही, असा चेहरा.

"माझा बा," आजी म्हणाल्या. "माहेर माझं वैशाखऱ्याचं. तिकडून लग्नात मी भांडी नाय आणली, ह्यो आणला."

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या वेळचं ते चित्र, आजी सांगत होत्या. परमुलखातल्या छावणीत काढलेलं. काढणारा गोरा, पण तोही त्या मुलखातला नव्हता. लढाईमुळे त्याला आपल्या देशी परतता येत नव्हतं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. चित्र सुकल्यावर त्याने ते जवानालाच देऊन टाकलं. गावाकडचा एक सोबती ते घेऊन परत आला. जवान आला नाही. आजी तेव्हा आईच्या पोटात होत्या.

शेठ म्हणाले, "ए वाशीम, डाग साफ काढ. एक दिसला तर बॅग भर."

पुठ्ठ्याला ओल लागून काळे ठिपके पडले होते. गालाजवळ, खांद्यावर, आणि एक कानाच्या पाळीवर. मी रंग जुळवून एकेक बुजवला. कानाचा ठिपका तर इतका बेमालूम गेला, की मी स्वतःवरच खूश झालो. नवी काच लावून फ्रेम बंद केली.

दोन दिवसांनी आजी आल्या. फ्रेम हातात घेऊन हसल्या. मग त्यांचं बोट काचेवरून कानाकडे गेलं आणि तिथेच थांबलं. त्यांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काय चुकलं ते कळेना, पण काहीतरी चुकलं होतं.

"काय आजी, जमलं ना?" गल्ल्यावरून शेठ.

"जमलं रे. पण भिंतीला लावायला कोन नाय घरात. ह्याला पाठव सांजचा. आनि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "तुझी ती रंगाची पिशवी पन आन."

सापगावला जाताना रिक्षात मी मनातल्या मनात बॅग भरत होतो. आईला काय सांगायचं ते जुळवत होतो.

आजींनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "माझ्या बाच्या कानात भोक होतं. ते कुठं गेलं?"

मी वाकून चित्रातल्या कानाकडे पाहिलं. आमच्याकडेही बारशानंतर पोरांचे कान टोचतात, माझेही टोचलेले आहेत. तरी मला तो डाग वाटला.

"पलटनीत जाताना कानातली बाली काढून आयेच्या हातात दिली त्यानं. आये रोज त्या भोकावर बोट ठेवायची, मला सांगायची, ह्या इथं होती बघ. आये गेली तेव्हा तोंडात सोनं ठेवायचं, तर तीच बाली ठेवली. आता भोकच राहिलं होतं, पोरा."

"आजी, शेठला का नाही सांगितलंत?"

"त्यानं तुला हाकललं असतं. मग भोक कोनी उघडलं असतं? त्यानं?" त्या हसल्या. "त्याला खिळा मारता येतो का धड?"

मी मागचे खिळे काढले. माझा रंग ओलसर होता, टर्पेंटाइनने निघाला असता. पण कापूस जरा जास्त फिरला तर खालचा जुना रंगही गेला असता, आणि बापाचा कान कायमचा. मी कापूस उचलला, परत खाली ठेवला. आजींनी ते चित्र उचललं आणि मांडीवर घेऊन बसल्या, कान टोचताना मामा भाच्याला घेऊन बसतो तशा.

"टोच आता. रडायचा नाय तो."

काडीला कापूस गुंडाळून मी एकदाच टेकवला. पुसलं. पुन्हा टेकवला. तिसऱ्या वेळी तो काळा ठिपका वर आला. जवळून पाहिलं तर त्याच्या कडेला केसाएवढी उजेडाची रेघ होती. ती ओलीने पडली नव्हती, कुणीतरी बघून काढली होती.

आजींनी त्यावर बोट ठेवलं. मग आत जाऊन गूळखोबरं आणलं, कान टोचल्यावर वाटतात तसं, आणि माझ्या हातावर ठेवलं. त्या रात्री आईला "जेवलो" म्हटलं ते खरं होतं; आजींनी भाकरी खाऊ घातल्याशिवाय सोडलंच नाही. शेठना आजतागायत काही माहीत नाही.

त्या घरात आजींचा स्वतःचा एकही धड फोटो नाही, आधारकार्डावरचा तेवढा. मी कधी माणसाचा चेहरा काढलेला नाही. अक्षरं, आणि फार तर मटणाच्या दुकानावर बोकड. पण आता सुट्टीच्या दिवशी खोलीत बसून शिकतोय. हात बसला की सापगावला जाईन, आजींना ओटीवर बसवीन, आणि जड कुड्यांनी ओघळलेल्या त्यांच्या कानांची भोकंसुद्धा जशीच्या तशी काढीन. तोवर त्यांनी थांबावं, एवढंच.