आबा न्यूट्रल करूनच उतरले होते

हे आजवर कुणालाच माहीत नाही. माझ्या नवऱ्याला नाही, माहेरी नाही, गावात तर नाहीच. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून असेल. किंवा यंदा पुन्हा तशीच थंडी पडली आहे म्हणून. सकाळी तोंड धुताना पाणी हाताला चावतं, आणि पलीकडच्या शेतावर कुणीतरी ट्रॅक्टरचा सेल्फ मारत असतो – घर्र, घर्र – आणि तो काही चालू होत नाही. मी तांब्या हातात घेऊन तशीच उभी राहते. तो चालू व्हावा असं मला वाटत असतं की होऊ नये असं? खरंच सांगता यायचं नाही.

कुठून सुरू करू? ट्रॅक्टरपासूनच करते.

आमचं गाव कशेळ्याच्या थोडं अलीकडे. आबांचा – म्हणजे माझ्या सासऱ्यांचा – ट्रॅक्टर जुना, माझ्या लग्नाच्याही आधीचा. दुपारी शहाण्यासारखा चालू व्हायचा, पण पौषातल्या सकाळी अडून बसायचा. तुम्ही म्हणाल, कर्जतकडे कसली आली थंडी? पण नदीकाठी धुकं उतरलं की सीटवर हात ठेववत नाही. आणि काम नेमकं तेव्हाच असतं. उन्हाळी भातासाठी कालव्याला पाणी सुटतं, त्याच्या पाळ्या लागतात. आपल्या पाळीला चिखल करून घेतला नाही, तर पाणी पुढच्याच्या शेतात जातं.

ट्रॅक्टरला जागं करायची आबांची रीत ठरलेली होती. आधी रेडिएटरमध्ये गरम पाणी. मग हवा आत घेण्याच्या नळीशी पेटता बोळा. मग सीटवर बसून, क्लच दाबून, चावी. तेवढ्यानेही नाही झालं, तर खाली उतरून स्क्रूड्रायव्हरने सेल्फची दोन टोकं जोडायची. याला 'डायरेक्ट' म्हणतात. ठिणगी उडते आणि इंजिन फिरतं. पण त्या वेळी सीटवर कुणी नसतं, क्लचवर कुणाचा पाय नसतो. म्हणून ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये असावा लागतो. गिअरमध्ये राहिला असेल तर चालू होताक्षणी तो पुढे झेप घेतो.

हे मला कुणी शिकवलं? आबांनीच. मी खालापूरकडची, माहेरी सायकलसुद्धा नव्हती. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी एकदा विचारलं, "बसतीस का गं?" मी लाजले. तर म्हणाले, "ट्रॅक्टर चालवाया मिशा लागत नाय." महिनाभर ते मडगार्डवर बसून मला शिकवत होते. एकदाही आवाज चढला नाही त्यांचा. मग एके दिवशी माझ्या हातून शेजाऱ्यांचं कुंपण आडवं झालं. खोपोलीच्या कारखान्यातून पाळी करून आलेल्या नवऱ्याने ते पाहिलं आणि सांगितलं, पुरे झाली ही हौस. शिकवणं तिथेच थांबलं. चावी मात्र होती तिथेच, दाराच्या आतल्या खिळ्याला लटकत राहिली.

मी ती घ्यायचे. सांगून टाकते – घरात कुणी नसलं की घ्यायचे. खळ्यातल्या खळ्यात, पुढे आणि मागे, एवढंच. कशासाठी, ते विचारू नका. मला त्या सीटवरून आमचं घर वेगळंच दिसायचं.

त्या दिवशी दुपारी नवरा कामावर होता आणि आबा कशेळ्याच्या बाजाराला गेले होते. मी ट्रॅक्टर काढला. दोनदा बंद पडला, दोनदा सेल्फ मारावा लागला – बॅटरी आधीच म्हातारी, ती तेव्हाच उतरली असेल का? म्हणजे दुसऱ्या सकाळी जे झालं त्यात थंडीचा भाग किती आणि माझा किती? याचा हिशेब मी इतक्या वेळा मांडला आहे आणि प्रत्येक वेळी उत्तर वेगळं येतं. असो. रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. कशेळ्याची जीप. मी घाईघाईने ट्रॅक्टर गोठ्यासमोर, होता त्याच जागी आणला, बंद केला, उडी मारून उतरले आणि चावी खिळ्याला लावून चुलीपाशी जाऊन बसले. आबा आले, त्यांनी पिशवीतून भजी काढली. माझ्यासाठी आणली होती.

दुसऱ्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती. आमची आणि भगवानकाकांची, एकत्रच. भगवानकाका म्हणजे वाटेपलीकडच्या बौद्धवाडीतले, आबांचे शाळेपासूनचे सोबती. सगळी नोकरी त्यांनी ठाकुरवाडीला रेल्वेत गँगमन म्हणून केली होती. सकाळी सहालाच मफलर गुंडाळून हजर झाले. आबा चावी फिरवत होते आणि ट्रॅक्टर नुसता टिकटिक करत होता. "आबा, ही कसली रं थंडी? घाटात रूळ हाताला चिकटायचं आमच्या," असं म्हणत काकांनी माझ्या हातातली गरम पाण्याची किटली घेतली आणि ते ट्रॅक्टरसमोर उभे राहिले. त्यांच्या मागे गोठ्याची भिंत, जेमतेम तीन हातांवर. ते रेडिएटरमध्ये पाणी ओतू लागले. मी दुसरं भांडं आणायला आत वळले.

आबा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली उतरले होते.

मला तेव्हा आठवलं का? माझ्या मनात काही हललं का? तुम्हाला हेच विचारायचं असणार. मीही स्वतःला हेच विचारते. शपथेवर सांगते, काही आठवलं नाही. पण मग उंबऱ्यावर मी क्षणभर थांबले होते, ती कशासाठी?

आवाज झाला. इंजिनाचा आधी, मग काकांचा.

मी धावले. ट्रॅक्टर भिंतीला भिडून गुरगुरत होता आणि मधे काकांचा उजवा गुडघा होता. आबा स्क्रूड्रायव्हर हातात धरून उभे. तोंड उघडं, पाय हलत नव्हते. मी वर चढले, स्टॉपचा खटका ओढला, क्लच दाबला आणि गिअरची दांडी हातात धरली. ती दुसऱ्या गिअरमध्ये होती. मी खळ्यात नेहमी दुसराच गिअर टाकायचे. आदल्या दिवशी जशी सोडून पळाले होते, तशीच होती ती. मी ती न्यूट्रलला आणली. आरडाओरडा ऐकून माणसं धावत आली, त्यांनी ट्रॅक्टर मागे ढकलला आणि काकांना जीपमध्ये घालून कर्जतला नेलं.

काका वाचले. गुडघा मात्र वाकायचा थांबला, तो थांबलाच.

आणि गावाने काय म्हणावं? आबांच्या सुनेने वाचवला माणूस. नाहीतर गेलाच होता. बायका माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या. काकांच्या बायकोने – तिने तर माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. मी लावू दिले.

संध्याकाळी नवरा आला. ओटीवर आम्ही तिघंच होतो. त्याने आबांना विचारलं, गिअर बघितला नव्हता का. आबा म्हणाले, "मी परवा न्यूट्रल करूनच उतरलो व्हतो. मला चांगलं आठवतंय. मंग सकाळी कशाला बघू?"

"मग गेरमधी कसा गेला, आबा? आपोआप?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता हो – असता तर मी कदाचित बोलले असते. आशा होती. बुडत्याने काठावरच्या माणसाकडे पाहावं तशी.

"वैशाली, तू हलवला व्हतास का गं काल?"

"नाय, आबा."

एवढंच बोलले मी. दोन शब्द. नवऱ्याला घाबरले असं म्हणू का? तो हात उगारणारा माणूस नाही. सकाळपासून मिळालेलं कौतुक सुटेना, असं म्हणू? काय खरं, मला माहीत नाही. शब्द आधी बाहेर पडले आणि कारणं मी नंतर शोधत बसले, ती अजून शोधते आहे.

आबांनी मान हलवली. "मंग माझंच काय तरी चुकलं असंल," म्हणाले. आणि नवरा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वय झालं आता, आबा."

खरी गोष्ट इथून सुरू होते. गुडघा मोडला तो एका सकाळी. आबा मात्र हळूहळू मोडले, माझ्या डोळ्यांदेखत. गावातल्या सगळ्या पाळ्या, कुणाचं पाणी कोणत्या दिवशी, हे त्या माणसाला तोंडपाठ होतं. तो आता गॅसचं बटण तीन-तीनदा बघू लागला. दार लावून निघायचा आणि वाटेतून परत यायचा. मला विचारायचा, "मी गोळी घेतली का गं?" मी सांगायचे, घेतली. त्यांचा माझ्यावर विश्वास, स्वतःवर नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात विसर पडतोच. पण विसर पडला म्हणून ते स्वतःवर शंका घेऊ लागले, की शंका घेता घेता खरंच विसरायला लागले? हे कुणाला विचारू? ज्याला विचारावं त्याला आधी सगळं सांगावं लागेल.

ट्रॅक्टर त्यांनीच विकायला लावला. भगवानकाकांकडे जाणं बंद केलं. काका काठी टेकत यायचे, ओटीवर बसायचे, "अरे, इंजिनाचा काय भरवसा, आबा," म्हणायचे. आबा आतल्या खोलीत झोपल्याचं सोंग घ्यायचे. चहा मी द्यायचे. मग काकाही यायचे थांबले. सत्तर वर्षांचे सोबती, मधे एक वाट. मी दोन्ही घरं पाहत होते. रोज. एका वाक्याने ती वाट पुन्हा चालू झाली असती. उद्या बोलू, असं म्हणत म्हणत माझी सहा वर्षं गेली.

आणि मग गेल्या महिन्यात मी बोलले.

दुपारी आबा ओटीवर उन्हाला बसले होते, मी वाल सोलत होते. त्यांनी सहज विचारलं, भगवानचा पाय आता कसा आहे. काय झालं मला, कुणास ठाऊक, मी वाल खाली ठेवले आणि सगळं सांगितलं. चावी, जीपचा हॉर्न, दुसरा गिअर. "आबा, तुम्ही न्यूट्रल करूनच उतरला होता. नंतर मी काढला होता. मीच गेरमधी ठेवला." सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही.

त्यांनी सगळं ऐकलं. मग हसले. इतक्या वर्षांत तसं हसलेले मी पाहिले नव्हते. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, तू लय चांगली हाईस गं. म्हाताऱ्याच्या जिवाला बरं वाटावं म्हणून सोताच्या डोक्यावर घेतीस. पण नाय. मला माहीत हाय ना माझं."

मी म्हणायला हवं होतं, चला, आत्ताच्या आत्ता काकांकडे जाऊ, त्यांच्यासमोर सांगते. तुमच्या मुलाला फोन लावा, त्यालाही सांगते. खोटं वाटणार नाही असं सांगायच्या कितीतरी तऱ्हा होत्या. वाट ओलांडली की काकांचं दार. काका अंगणातच बसलेले, मला दिसत होते.

आबा माझ्याकडे मायेने पाहत होते. त्यांचा हात डोक्यावर होता. मला – हे सांगतानाही लाज वाटते – मला ते बरं वाटलं.

"चहा ठेवू का, आबा?" मी विचारलं.

"मी घेतला का गं सकाळी?" ते म्हणाले.

"घेतला," मी म्हटलं, आणि उठले.